फ्राऊ ओलिंगरना व्हायोलिन नको होतं

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या आमच्या मराठी मंडळात कोणी नवीन कुटुंब आलं आणि मी टीव्ही केंद्रात नोकरीला आहे हे त्यांना कळलं, तरी नट-नट्यांची चौकशी कोणी करत नसे. पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "म्हणजे वहिनी, आमच्याकडून दर तीन महिन्यांनी जे पैसे उकळतात, ते तुमच्या पगारासाठी का?"

"हो, आणि ही पुरणपोळीसुद्धा त्यातूनच आलीय, अजून एक घ्या," असं म्हणून मी वाढत राहायचे. हसण्यावारी विषय जायचा. प्रश्न मात्र खोटा नव्हता, आणि तो मलाही टोचायचा.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. जर्मनीत सार्वजनिक रेडिओ-टीव्ही लोकांच्या वर्गणीवर चालतो. पूर्वी ज्याच्या घरी टीव्ही तोच पैसे द्यायचा, आणि टीव्ही आहे का ते बघायला माणसं दारात येऊन उभी राहायची. लोक पडदे ओढून घ्यायचे, आवाज बंद करायचे. दोन हजार तेरापासून नियम बदलला. घरटी वर्गणी. टीव्ही असो, नसो, बघा, न बघा. माझा भाचा अनिकेत तेव्हा बर्लिनला पीएचडी करत होता. त्याच्या खोलीत एक गादी, एक सायकल आणि एक लॅपटॉप. मागणीचं पत्र आलं तेव्हा त्याने माझ्यावरच तोंड सोडलं.

"मावशी, ज्या खाणावळीत मी कधी जेवत नाही, तिचे पैसे मी का भरायचे? मला जे बघायचंय त्याचे मी वेगळे भरतो. आवडलं नाही तर बंद करतो. इथे बंद करायची सोयच नाही."

मी त्याला बातम्या, शाळेचे कार्यक्रम, कोणाच्या जाहिरातीवर अवलंबून नसलेले पत्रकार, असं सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "हे तू पाठ केलेलं बोलतेयस." खरंच होतं. केंद्रात आम्हाला नवीन नियमाच्या वेळी एक छापील कागद वाटला होता, त्यातलंच मी म्हणत होते.

माझं काम होतं शेवटची ध्वनितपासणी. कार्यक्रम तयार होऊन आला की प्रसारणाआधी मी तो कानाला हेडफोन लावून अखंड ऐकायचे. कुठे खरखर आहे, कुठे आवाज एकदम चढतोय, कुठे तुटतोय. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकले, काही वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओत काढली. आमचे हे राईनकाठच्या मोठ्या केमिकल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांच्याबरोबर मी इथे आले. जर्मन शिकत शिकत नदीपलीकडच्या केंद्रात चिकटले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

शेवटची काही वर्षं आवाजाबद्दलच्या तक्रारींचे फोन आमच्या विभागप्रमुखांनी माझ्याकडे वळवले होते. हेर ब्रेनर त्यांचं नाव; हेर म्हणजे श्रीयुत, फ्राऊ म्हणजे श्रीमती. "फ्राऊ म्हसकर, तुमचा स्वभाव शांत आहे," असं त्यांनी कारण दिलं. माझ्या आधी ज्याच्याकडे हे काम होतं त्याने बदली मागून घेतली होती, हे मला नंतर समजलं.

फोन नाना तऱ्हेचे. एका गृहस्थांचा कुत्रा विशिष्ट निवेदिकेचा 'स' ऐकला की भुंकायचा. त्यांची मागणी अशी की तिने 'स' जरा हळू म्हणावा. मी रेकॉर्डिंग काढून ऐकलं तर त्या माइकवर 'स' खरंच धारदार येत होता! माइक बदलला आणि कुत्रा गप्प झाला. त्या गृहस्थांनी नाताळला मला कुत्र्याचा फोटो पाठवला. एक बाई हवामानाचा अंदाज मोठ्याने सांगा म्हणायच्या, कारण तेवढ्या वेळात त्या नेमक्या स्वयंपाकघरात असायच्या. त्यांच्यासाठी मला काही करता आलं नाही.

पण दहातले आठ फोन एकाच गोष्टीचे. रविवारची गुन्हेकथा, दर वेळी दीड तासाचा नवा चित्रपट. रविवारी संध्याकाळी अर्धा देश ती बघायला बसतो आणि सोमवारी ऑफिसात तिच्यावर बोलतो. आणि दर सोमवारी सकाळी, मी कोट खुंटीला अडकवते न अडकवते तोच, फ्राऊ ओलिंगर यांचा फोन.

"गुटन मॉर्गन. ओलिंगर. लुडविग्सहाफेन. आल्झो, तर मग, काल इन्स्पेक्टर त्या बाईला काय म्हणाला?"

"कुठल्या प्रसंगात?"

"पुलावर. व्हायोलिन वाजत होतं तेव्हा. व्हायोलिन अगदी छान ऐकू आलं. पण मी व्हायोलिन मागवलं नव्हतं. मला इन्स्पेक्टर हवा होता."

मी संहिता काढून वाक्य वाचून दाखवायचे. पलीकडून त्या ते वाक्य मोठमोठ्याने त्यांच्या नवऱ्याला, लोथारना, पुन्हा सांगायच्या. मग म्हणायच्या, "गेनाऊ, बरोबर, आता कळलं. पण कालच कळायला हवं होतं. मी वर्गणी कालसाठी भरली होती."

एकदा मी त्यांना सुचवलं, की ज्यांना फारच कमी ऐकू येतं त्यांना वर्गणीत सवलत मिळते, तुमच्या यजमानांसाठी अर्ज करून बघा.  त्या म्हणाल्या, "आम्हाला सवलत नकोय, फ्राऊ म्हसकर. आम्हाला संवाद हवेत."

पुढच्या सोमवारी त्यांचा फोन आला, पण आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यांनी कुठलंच वाक्य विचारलं नाही. "लोथार आता मध्येच उठून स्वयंपाकघरात जाऊन बसतो," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून रविवारची गोष्ट आम्ही एकत्र बघतो. भांडण झालं तरी बघतो. आता मी बाहेर एकटी आणि तो आत सफरचंदं सोलत. विचारलं तर म्हणतो, तू बघ, माझं डोकंच चालत नाही हल्ली."

मी हेर ब्रेनरना विचारलं, मी त्यांच्याकडे जाऊन ऐकून येऊ का? ते म्हणाले, "आमची पद्धत नाही तशी. पण रविवारी तुमच्या सुट्टीत तुम्ही कोणाकडे कॉफीला जाता हे मी कशाला विचारू?"

ओलिंगर पती-पत्नी कारखान्याच्या जुन्या कामगार वसाहतीत राहत होते. आमच्या घरापासून ट्रामने थोडंसंच. फ्राऊ ओलिंगर फोनवरून मला धिप्पाड वाटायच्या. दार उघडलं तर माझ्या खांद्याइतक्या. हेर ओलिंगर मात्र उंच, अबोल. आयुष्यभर कारखान्यात कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून काम केलेले. दोन्ही कानांत यंत्रं होती, चांगली महागातली.

आधी मी टीव्ही बघितला. नवा, कागदासारखा चपटा, मुलाने घेऊन दिलेला. अशा टीव्हीचे स्पीकर पाठीमागे असतात, आणि यांनी तो लाकडी कपाटाच्या खणात बसवलेला. म्हणजे माणसं बोलत होती ती भिंतीशी. आम्ही तिघांनी मिळून तो बाहेर ओढून टेबलावर ठेवला. फरक पडला, पण थोडासा.

मग आम्ही सोफ्यावर बसलो आणि गोष्ट सुरू झाली. ही गोष्ट मी तपासलेली नव्हती, माझ्या सहकाऱ्याने तपासली होती. म्हणजे संहिता माझ्या हातात नव्हती. पहिल्यांदाच मी रविवारची गुन्हेकथा इतर लोकांसारखी बघत होते. एका प्रसंगात दोघं पोलीस मोटारीत बसून बोलतात. वर पाऊस, खाली चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिन, आणि नट ओठ न हलवता पुटपुटणारा. हेर ओलिंगर टीव्हीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते.

"काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं.

"मला नाही कळलं," मी म्हणाले.

"तुम्हालाही नाही? तुम्ही तर त्यातल्या तज्ज्ञ."

"नाही कळलं. एक शब्दही नाही."

ते हळूहळू मागे टेकले. बायकोकडे वळून मोठ्याने म्हणाले, "हिल्डे, यांनाही नाही कळलं!" चाचणीत पास झालेल्या माणसाचा तो आवाज होता. त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात गेले नाहीत. संवाद कळत नव्हते, तरी आम्ही तिघांनी मिळून खुनी कोण यावर अंदाज बांधत ती गोष्ट शेवटपर्यंत पाहिली, आणि तिघांचेही चुकले.

परतताना ट्राममध्ये मला माझीच एक जुनी गोष्ट आठवत होती. तपासणीच्या शेऱ्यात मी अनेकदा 'संवाद अस्पष्ट' लिहायचे. वरून उत्तर यायचं, जर्मन तुमची मातृभाषा नाही, म्हणून तुम्हाला तसं वाटत असेल. मी ते मान्य करून टाकायचे. पण जे बनवतात त्यांना संवाद पाठ असतात. पाठ असलेलं वाक्य कुजबुजलं तरी ऐकू येतं. हेर ओलिंगरना पाठ नव्हतं आणि मलाही नव्हतं.

आणि अनिकेतला जे उत्तर मला देता आलं नव्हतं, तेही त्या ट्राममध्ये सुचलं. तो आवडलं नाही तर बंद करतो. तो ज्या कंपनीला वेगळे पैसे भरतो, तिलाही हे चालतं. एक म्हातारा गेला, चार तरुण आले. आमचं तसं नव्हतं. फ्राऊ ओलिंगरना आम्हाला सोडून जाता येत नव्हतं, म्हणून त्यांना सोडून द्यायचा आम्हालाही अधिकार नव्हता. सक्तीने पैसे घ्यायचे असतील तर निदान घरातल्या प्रत्येकाला ऐकू तरी गेलं पाहिजे.

उपाय नवा नव्हता. चित्रपटाचा आवाज तयार होतो तेव्हा संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज वेगवेगळे ठेवलेले असतात, ताटातल्या वाट्यांसारखे. शेवटी ते एकत्र कालवतात. आम्ही फक्त दुसऱ्यांदा कालवायचं. संवाद वर, संगीत खाली, पाऊस अगदी मागे. अंध प्रेक्षकांसाठी दृश्याचं वर्णन करणारा एक जादा ध्वनिपट आम्ही आधीपासूनच प्रसारित करत होतो, रिमोटवरचं बटण दाबून तो निवडता यायचा. तसाच आणखी एक. ज्याला मूळचा हवा त्याला मूळचा.

हेर ब्रेनरनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला चालेल. पण फाल्कना विचारा."

फाल्क म्हणजे आमच्या गुन्हेकथांचे दिग्दर्शक. नावाजलेले, देखणे, गळ्यात बारा महिने मफलर. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"फ्राऊ म्हसकर, तुम्ही चित्रकाराला सांगता का, की निळा कमी करा, आजोबांना दिसत नाही? तो पाऊस, तो चेलो, ते पुटपुटणं, हे सगळं मिळून माझा चित्रपट आहे."

"तुमच्या चित्रपटाला मी हातच लावणार नाही. शेजारी दुसरा ध्वनिपट ठेवीन."

"म्हणजे त्याची मोडतोड करून शेजारी ठेवाल. त्या पैशात मी आणखी एक पात्र घेऊ शकतो."

मला राग आला. मराठीत रागावणं सोपं असतं, जर्मनमध्ये आधी व्याकरण जुळवावं लागतं, तेवढ्यात राग जरा थंड होतो. त्याचा त्या दिवशी फायदा झाला. मी म्हणाले, "एकदा ऐकणाऱ्यांना ऐकवू या. तुम्ही स्वतः या. लोकांना नको असेल तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

ते हो म्हणाले. त्यांना खात्री होती. खरं सांगायचं तर मला नव्हती. हा विषय एकदा बंद झाला की निवृत्तीपर्यंत तो कोणी उघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संगीत खाली आणणं म्हणजे नुसती एक दांडी ओढणं नव्हे. संगीत काढून टाकलं तर प्रसंग उघडाबोडका वाटतो, भीती वाटायच्या ठिकाणी हसू येतं. प्रत्येक वाक्यापुरतं संगीत वाकवायचं आणि वाक्य संपलं की पुन्हा उभं करायचं. मिश्रण विभागातला एक सहकारी आणि मी, आमचं रोजचं काम उरकून त्याला बसलो. फाल्क यांचाच चित्रपट घेतला, त्यांना बोलायला जागा राहू नये म्हणून.

चाचणीच्या दिवशी केंद्रात एकमेकांसमोरच्या दोन लहान खोल्यांत पडदे लावले. तक्रारी करणाऱ्यांना बोलावलं होतं, जवळच्या वृद्धाश्रमातले काही जण आले. नुकतेच सीरियातून आलेले आणि जर्मन शिकणारे लोक त्यांच्या शिक्षिकेबरोबर आले. अनिकेत बर्लिनहून आला. "माझ्या पैशांचं काय करता ते बघतो," म्हणाला. कुत्रेवाले गृहस्थही आले, कुत्रा घरी ठेवून. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. दोन्ही खोल्यांत एकाच वेळी तोच चित्रपट लावायचा, एकीकडे मूळचा आवाज, दुसरीकडे आमचा. कुठे कोणता ते बघणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. ओलिंगर पती-पत्नी आणि अनिकेत डावीकडच्या खोलीत गेले.

फाल्क मधल्या कॉरिडॉरमध्ये हाताची घडी घालून उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी, हेर ब्रेनर खिडकीशी. दोन्ही दारं किंचित उघडी होती. बराच वेळ काहीच घडलं नाही. पलीकडच्या खोलीत कोणी खोकलं. 

मग तो प्रसंग आला. द्राक्षमळ्याच्या मालकाच्या बंगल्यासमोर इन्स्पेक्टर आणि त्याचा सहायक भिजत उभे आहेत. आत प्रेत आहे. चेलो चढतो. सहायक पुटपुटतो, "साहेब, खुनी उद्या सापडला तरी चालेल. आधी माझी छत्री कोणी नेली ते शोधा."

उजवीकडे शांतता.

डावीकडून एक दणदणीत हसू आलं. कारखान्यात कॉम्प्रेसरच्या वर आवाज चढवून बोललेल्या माणसाचं हसू. हेर ओलिंगर. त्यांच्यामागोमाग सगळी खोली हसली. शिक्षिकेने शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं आणि तो, जर्मनीत येऊन वर्षही न झालेला माणूस, अडखळत म्हणाला, "छत्री! कोणी नेली!" आणि पुन्हा हसला.

फाल्क यांनी डाव्या दाराकडे पाहिलं, मग उजव्या. घडी घातलेले हात सुटले.

"हा विनोद मी स्वतः लिहिला होता," ते हळूच म्हणाले. "लेखकाचा नाही, माझा आहे. आजवर याला कधीच कोणी हसलं नाही. मला वाटलं, विनोदच फसलाय."

 

थोड्या वेळाने आम्ही आवाजांची अदलाबदल केली आणि तोच भाग पुन्हा लावला. या वेळी उजवी खोली हसली. फाल्क दारातून आत डोकावून हसणाऱ्यांची तोंडं बघत होते. शाळेच्या गॅदरिंगला पडद्याआडून प्रेक्षक बघणाऱ्या मुलासारखे दिसत होते.

नंतर सगळ्यांना एकत्र बसवून मत विचारलं. कुत्रेवाल्यांना मूळचाच आवाज आवडला, तसं त्यांनी ठणकावून सांगितलं. तेही बरोबरच होतं, म्हणून तर दोन हवेत. फ्राऊ ओलिंगर उभ्या राहिल्या. उभ्या राहूनही बसलेल्यांएवढ्याच दिसत होत्या. "मी इतकी वर्षं पैसे भरले आणि चडफडले," त्या म्हणाल्या. "आज लोथार माझ्या आधी हसला. आता मी पैसे भरेन आणि चडफडणार नाही."

हेर ब्रेनरनी फाल्क यांच्याकडे पाहिलं. फाल्क मफलर सारखा करत म्हणाले, "माझ्या पुढच्या चित्रपटापासून सुरू करू या. आणि फ्राऊ म्हसकर, छत्रीच्या जागी मूळच्या ध्वनिपटातही चेलो जरा खाली घ्या."

बाहेर पडताना अनिकेत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मावशी, मला वाटायचं मला जर्मन येतच नाही. येतं की गं!" मग दोन पावलं गेल्यावर त्याला आठवलं. "पण वर्गणी अजून जुलमाचीच आहे हं."

"जुलमाचीच आहे," मी म्हणाले. "म्हणून तर आमच्या मानेवर बसून तिचं चीज करून घ्यायचं." त्या दिवशी मी पाठ केलेलं काही बोलत नव्हते.

सगळंच काही साधलं नाही. जुन्या टीव्हींवर तो ध्वनिपट निवडता यायचा नाही. सगळ्या कार्यक्रमांना तो देणंही माझ्या कारकिर्दीत जमलं नाही. श्पायर गावचे एक निवृत्त शिक्षक मला फार अदबीने फोन करायचे, आवाज अस्पष्ट आहे असं म्हणायच्या आधी माफी मागायचे. त्यांना ही बातमी द्यायला मी फोन लावला, तर तो नंबर बंद झाला होता. थोडं आधी जमायला हवं होतं, असं अजून वाटतं.

पहिल्या प्रसारणाच्या रविवारी आम्ही दोघांनी घरी बसून तो चित्रपट पाहिला. आमचे हे मूळचा आवाज मागत होते. मी रिमोट दिला नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसात शिरले तर टेबलावर केकचा तुकडा आणि हेर ब्रेनर यांच्या अक्षरात 'अभिनंदन' अशी चिठ्ठी होती, आणि फोन वाजत होता.

"गुटन मॉर्गन. ओलिंगर. लुडविग्सहाफेन. शब्द अन् शब्द ऐकू आला, लोथारलाही. आम्ही शेवटपर्यंत शेजारी बसून होतो."

"वा! मग आज तक्रार नाही?"

"आहे तर! आता सगळं ऐकू आलं, म्हणून लक्षात आलं. अहो, गोष्ट किती बावळट होती! खुनी पहिल्याच प्रसंगात खोटं बोलतो आणि इन्स्पेक्टरला पत्ता नाही? लोथारला लगेच कळलं. आल्झो, हे कोणाला सांगायचं?"

मी त्यांना एक मिनिट थांबायला सांगितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा फोन दुसरीकडे जोडला. पटकथा विभागाकडे.